संत मार्गारेटचा नवा चेहरा

परमेश्वरापुढे आणि शेजाऱ्यांपुढे. मी लीव्हेन कास्तेल, राहणार ब्रुज, धंदा प्रार्थनापुस्तकांची पाने रंगवण्याचा, वय सत्तरच्या आसपास (बाप्तिस्म्याची नोंद जळाली), हे माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हात थरथरतो, पण तो पाच वर्षे थरथरतोच आहे, त्यावरून कोणी वाद काढू नये. लॅटिन अक्षरे मला सुरेख उतरवता येतात, अर्थ कळत नाही. म्हणून आपल्या भाषेत लिहितो.

कालव्याकाठचे घर भाचा कोर्नेलिस याला. छप्पर पश्चिमेकडून गळते. मी दोनदा सांगितले, त्याने दोनदा मान हलवली. आता त्याचे त्याने पाहावे.

पुस्तके बांधणारा पाउवेल्स याने माझा पाने दाबायचा लाकडी शिकंजा बारा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी नेला. तो त्यालाच राहू दे. पण माझ्या प्रेताला खांदा द्यायला त्याने पुढे येऊ नये.

कुंचले आणि शिंपल्यांतले रंग रंगाऱ्यांच्या संघाला. पानावरचे सोने घासून चकाकवायचा कुत्र्याचा दात मात्र बार्बेलला द्यावा. ती गावाबाहेर चर्मपत्रासाठी कातडी खरवडते. तिलाच का, ते पुढे लिहितो. पुढचे कलम मी या चर्मपत्रावर तीनदा लिहून तीनदा खरवडले आहे.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी योसीना बाईसाहेबांचे प्रार्थनापुस्तक आमच्या दुकानात आले, फक्त पुस्तक मिटवायची तुटलेली कडी बसवायला. त्यात बाळंतिणींची कैवारी संत मार्गारेट हिचे चित्र होते. वेणा सुरू झाल्या की त्या घरातल्या बायका तिचे चुंबन घेत. बाईसाहेबांच्या आजीपासूनची रीत. चेहरा पार उडाला होता, नुसता तपकिरी डाग. मला वाटले, चित्र खराब झाले आहे. मला दुरुस्त करायला कोणी सांगितले नव्हते. मी कडेची फुले-वेली रंगवणारा, मला चेहऱ्यांना हात लावू देत नसत. म्हणून चोरून, तीन दिवसांत, नवा चेहरा काढला. फार सुंदर झाला होता. त्याचीच हाव होती.

बाईसाहेब स्वतः दुकानात आल्या. त्यांच्या मुलीचे, आदेलीनबाईंचे, तेव्हा दिवस भरत आले होते. त्यांनी पान उघडून धरले. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "ही कोण? हिला मी ओळखत नाही. इथे माझ्या आईचे ओठ होते."

मालकांनी विचारले, हे कोणी केले. मी म्हणालो, बार्बेलने. ती आमच्याकडे पाट्यावर रंग वाटायची आणि रिकाम्या वेळी चिटोऱ्यांवर चेहरे काढायची, म्हणून सगळ्यांना पटले. तिने माझ्याकडे पाहिले.

"माझ्या हातात एवढी कला आहे, हे मला आजच कळलं, लीव्हेनभाऊ."

एवढेच बोलली. तिला त्याच दिवशी कामावरून काढले. नंतर ब्रुजमधल्या एकाही रंगाऱ्याने तिला दारात उभे केले नाही. आदेलीनबाई सुखरूप सुटल्या, पण पुस्तक हाती न धरता. ते पेटीत गेले, ते गेलेच. मला पुढे चेहऱ्यांचे काम मिळाले. तितका सुंदर पुन्हा एकही जमला नाही.

तरी रंगाऱ्यांचा कैवारी संत लूक याच्या सणाला संघाचे सगळे जमतील तेव्हा कोर्नेलिसने हे कलम मोठ्याने वाचावे. जेवण वाढण्याआधी, नंतर कोणी ऐकत नाही. न वाचल्यास घर महारोग्यांच्या आश्रमाला जाईल. बार्बेलला आधी बोलावून पुढे बसवावे. मी तेव्हा नसेन, म्हणजे तिच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही. हेही लिहून ठेवतो.

एवढे लिहून साक्षीसाठी आज तिलाच बोलावले. तिला वाचता येत नाही, आणि न ऐकलेल्या लिखाणावर ती निशाणी करेना. मी वाचून दाखवले. चेहऱ्याचे कलम तेवढे गाळले. तिने पान हातात घेतले, अंगठा फिरवला आणि नेमका त्याच कलमावर थांबवला.

"इथे कातडं पातळ झालंय. इथलं वाचा."

वाचले. तिने मेजावरचा कुत्र्याचा दात उचलून मुठीत धरला.

"दात मी आजच नेते. पण मेलेल्या माणसाची कबुली मला नको. सण तीन आठवड्यांवर आलाय, तुम्हीच उभे राहून वाचा. तोवर मरू नका, लीव्हेनभाऊ."

ब्रुज, २७ सप्टेंबर १४८९
लीव्हेन कास्तेल (सही)

साक्षीदार: पाद्री मातिस (सही)
साक्षीदार: बार्बेल. जागा कोरी ठेवली आहे. सणानंतर निशाणी करते म्हणाली.