कवळीच्या कपातला दात

बॉइड,

दातांच्या डॉक्टरांकडून फोन आला होता. इम्प्लांटची वेळ तू रद्द केलीस म्हणे. म्हणजे अजून एक सीझन बर्फावरची हॉकी आणि मारामारी. खेळ सुटल्याशिवाय तुमच्यात कोणी पक्के दात बसवत नाही, एवढं मलाही कळतं.

आज बर्फावर टेसाने भांडायला तुझ्यासारखेच हातमोजे फेकले आणि शेजारच्या कोडीला खाली पाडून बुकलून काढलं. त्याचं नाक फुटलं, हिचा दात पडला. रक्ताळल्या तोंडाने हसत मला विचारते, "बाबासारखी दिसते ना गं?" सात वर्षांची पोर.

तिला घेऊन रिजायनाला आईकडे जातेय. सूप शेगडीवर आहे, गरम करून घे.

तिचा दात तुझ्या कवळीच्या कपात ठेवलाय. दुधाचा आहे, त्या जागी दुसरा येईल. आम्ही परत येऊ की नाही, ते तू डॉक्टरांना काय कळवतोस त्यावर.

मार्सी