गुलाबी कागदावरची आई

मेक्सिको शहर, ४ ऑक्टोबर १९५१

ती. एदुविहेसताईस शि. सा. न. वि. वि.

माझं प्रदर्शन डिसेंबरात ठरलं. त्यासाठी आईच्या मासळी विकतानाच्या चित्राचा छपाईचा लाकडी ठसा मोटारवाल्याबरोबर पाठव. चित्र माझं, कोरलंस तू. पण कलादालनाच्या बाई म्हणतात, खाली एकच नाव बरं दिसतं. मोजक्या प्रती काढायच्या आणि ठशावर आडवी चीर मारायची, म्हणजे पुन्हा कोणी छापू शकत नाही, किंमत टिकते. इकडची रीतच आहे. तू समजून घेशीलच.

शाळेतल्या पोरी कोरताना अजून बोटं कापून घेतात का? लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझा निकानोर

पात्झ्कुआरो, ३ नोव्हेंबर १९५१

चि. निकानोर यास अ. उ. आ.

नाही समजून घेतलं. पेपरात नव्या टोपीतला तुझा फोटो पाहिला नि तळपायाची आग मस्तकात गेली. तू राजधानीत नाव काढतोस, तिथल्या मुलांना कोरायला शिकवतोस. मी इथे पोरींना शिकवते, तर त्यांच्या आया विचारतात, भरतकाम कधी घेणार? मला तुझा हेवा वाटतो, सरळ सांगते.

ठशावर चित्राखाली दोघांची नावं कोरली, माझं आधी. मृतांच्या सणाला पोरींकडून पातळ गुलाबी कागदावर छापून घेतला नि बाजारात, दफनभूमीच्या भिंतीवर, खाटकाच्या दारावर चिकटवला. मागेल त्याला फुकट. आता मार चीर!

घोळ एकच झाला. रागाच्या भरात माझं नाव सरळ कोरलं, ते उलटं उमटलं. याच चुकीवरून मी पोरींना रोज ओरडते; त्या पोट धरून हसल्या. तुझं मात्र बरोबर उमटलंय.

आईच्या थडग्यावर तुझ्या वाटणीचे झेंडूही वाहिले. आशीर्वाद आहेत, रागासकट.

ताई

मेक्सिको शहर, १९ नोव्हेंबर १९५१

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

बाईंनी ते चित्र प्रदर्शनातून काढलं. खाटकाच्या दारावरचं चित्र कोण विकत घेणार, म्हणाल्या. माझी किती चिडचिड झाली, विचारू नकोस.

मोटारवाल्याने ठशाऐवजी तुझा गुलाबी कागद दिला होता. तुझी फजिती दाखवावी म्हणून तो वर्गात नेला. मुलं हसलीही. तेवढ्यात मुख्याध्यापक आले, आईच्या सुरकुत्यांकडे बघत राहिले आणि विचारलं, हे कोरलं कोणी? माझंच नाव सांगावं असं अगदी जिभेवर आलं होतं गं. पण ठसे कोरणारी मुलं ती, त्यांना उलटी अक्षरं सरळच दिसतात. सगळ्यांनी एका सुरात पहिलं, तुझंच नाव वाचून सांगितलं.

जानेवारीपासून इथला कोरीवकामाचा वर्ग तुला द्यायचं मुख्याध्यापकांनी ठरवलंय. आजवर तो माझा होता. ये. स्टेशनवर घ्यायला येईन. हसतमुखाने येईन, असं मात्र लिहून देत नाही.

तुझाच, तरीही,
निकानोर