पोलादी माणसाचा चहा

दारव्हा, रविवार, डिसेंबर १९६१

मेहुणा वसंता मुक्कामाला आल्यापासून रोज संध्याकाळी माझ्या शालूला पोलादी माणसाची गोष्ट सांगतो. मनानेच रचतो. ती त्याच्या मांडीवर, मी वर्तमानपत्रामागे.

आज राहवलं नाही. विचारलं, "काय रे वसंता, चिमटीत लोखंड चुरते, तं तो चहा कसा पिते? कपाचा भुगा नाही होत?"

गोष्ट मोडावी म्हणूनच विचारलं. स्वतःशी खोटं कशाला लिहू?

वसंता हसला. "बरोबर बोलले भाऊजी. म्हणून तं बिचारा तहानलेला राह्यते. कोणी बशी तोंडाला लावली, तरच पिते."

शालूचे डोळे भरले. तिनं बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि वसंताच्या ओठांना लावला. "हात नोको लावू मामा, फुटन!"

ती फुंकर. माझ्या चहावर तिनं कधी घातली? की मीच कधी बशी पुढं केली नाही?

मग तिनं पुन्हा चहा ओतला, पुन्हा तशीच फुंकर घातली आणि माझ्याकडं वळली. "बाबा, तुमाले पाजू?"

"माहे हात धड आहेत," मी म्हणालो.

काहून म्हणालो? तिनं बशी खाली ठेवली. नुसतं तोंड पुढं करायचं होतं.