पंप तांदळाच्या पिंपात आहे

मृणाली,

पहाटे तुझ्या सायकलची हवा मीच सोडली गो. पंप तांदळाच्या पिंपात लपवलाय, काढून घे. तू एकटी पार गोव्यापर्यंत जाणार, या धसक्याने मला काही सुचेना.

रोह्याला राहत असताना तुझ्या आजोबांच्या सायकलचीही मी अशीच हवा सोडली होती. ते एक शब्द न बोलता चाकं भरून पेणला निघाले आणि कासूपाशी ट्रकखाली गेले. डबा ओट्यावरच राहिला होता.

तुझा डबा भरून ठेवलाय, तो विसरू नकोस. मी पहिल्या एसटीने पुढे नागोठण्याला जाते, रस्त्याकडेला बसते. रागावली असलीस तर थांबू नकोस. नुसती घंटी वाजव.

आजी