दार लावायचा अधिकार

३ फेब्रुवारी

साहेबांनी अधिकार दिला! लाचखोरीची चौकशी करणाऱ्या या कार्यालयात टायपिस्ट म्हणून आले, इकडून तिकडून पुस्तकं मागून कायदा शिकले, आणि आता निवृत्तीच्या वर्षी आदेश निघाला — आलेल्या तक्रारी तपासून निकाली काढण्याचे अधिकार उपप्रमुखांना प्रदान. उपप्रमुख म्हणजे मी. साहेब म्हणाले, तुमच्यावर डोळे झाकून विश्वास आहे. वयाने माझ्या मुलाएवढे, पण बोलणं आजोबांसारखं.

घरी सांगितलं. ह्यांनी विचारलं, पगार? म्हटलं, तेवढाच. "मग काम वाढवलं म्हण की. अधिकार कसला!" जन्मभर गाडी चालवली, प्रत्येक गोष्टीत आधी ब्रेक कुठे आहे ते बघतात. सूनबाईने मात्र गळ्यात हात टाकले. बरं वाटलं.

६ फेब्रुवारी

आदेश नीट वाचला. त्या दिवशी आनंदाच्या भरात वरवर पाहिला होता. निकाली काढणे म्हणजे बंद करणे. फक्त बंद! चौकशी उघडायची झाली तर तो अधिकार साहेबांनी स्वतःकडे राखून ठेवलाय. म्हणजे मला दार लावायला बसवलंय, उघडायला नाही.

साहेबांच्या स्टेनोला आम्ही दवंडी म्हणतो. तो हसत म्हणाला, मॅडम, बंद केलेल्या प्रकरणाची बोंब उठली तर सही कोणाची? आणि उघडलेल्याची बातमी छापून आली तर फोटो कोणाचा? मेल्याचं तोंड फाटकं, पण खोटं बोलत नाही.

१७ फेब्रुवारी

सरकारी दवाखान्यातली एक नर्स तक्रार घेऊन आली. खरेदी अधिकारी कमिशन खातो आणि कसलेही हातमोजे घेतो. घालता घालता फाटतात. तिच्या वॉर्डातली मैत्रीण तशाच फाटक्या मोज्यांनी रक्त पुसत राहिली आणि पेशंटचा आजार घेऊन घरी बसली. आता कायमची.

पिशवीतून एक मोजा काढून तिने माझ्याच हातावर चढवला. मनगटापाशी टर्रकन गेला. तिला पाणी दिलं. जाताना म्हणाली, येते मावशी. आल्यापासून मॅडम मॅडम करत होती.

कागद चोख आहेत. उघडण्यासारखंच प्रकरण आहे. साहेबांकडे पाठवलं.

२४ फेब्रुवारी

परत आलं. शेरा — "आपल्या स्तरावर पाहावे."

माझ्या स्तरावर काय पाहू? माझ्या स्तरावर खिडकीच नाही!

५ मार्च

पुन्हा पाठवलं, पुन्हा आलं. तोच शेरा. दवंडीकडून कळलं, तो खरेदी अधिकारी वरच्या कुणाचा तरी मेहुणा आहे. असणारच.

१० मार्च

आज साहेबांच्या खोलीत जाऊन बसले. म्हटलं, साहेब, हे उघडायला हवं, आणि ते तुम्हीच करू शकता. साहेबांनी माझ्यासाठी चहा मागवला. आवाज असा मऊ, जणू मीच आजारी आहे.

"अहो, मी कुठे बंद करा म्हणतोय? अधिकार तुम्हाला दिलाय. आता मी ढवळाढवळ केली तर तो तुमचा अपमान नाही का?"

चहा पिऊन आले.

११ मार्च

झोप उडाली आहे. आमच्याकडचा नियमच असा आहे — मुदतीत कुठलाच निर्णय झाला नाही तर तक्रार आपोआप मरते, आणि मेलेल्या तक्रारीवर अपील नाही. साहेब त्याचीच वाट बघत बसलेत. मी चांगुलपणाने सही अडवून ठेवायची, आणि चांगुलपणानेच प्रकरण कुजायचं.

पण मी बंद केलं तर? निकालावर अपील करता येतं. ते वरच्या मंडळाकडे जातं, साहेबांच्या डोक्यावरून.

म्हणजे तिला वाचवायचं तर तिच्याच तोंडावर दार आपटायचं! काय पण अधिकार!

१४ मार्च

बंद केलं. कारण खरं तेच लिहिलं — तक्रारीत तथ्य दिसते, चौकशी आवश्यक आहे, परंतु ती उघडण्याचा अधिकार मला नाही, सबब बंद. असला निकाल या कार्यालयात आजवर कुणी लिहिला नसेल. सही वाकडी आली.

१७ मार्च

नर्सला बोलावून निकाल हातात दिला. म्हटलं, पोरी, रागावू नकोस, यावर मंडळाकडे अपील कर, मी कारणं मुद्दाम तशी लिहिली आहेत. तिने शेवटची ओळ वाचली आणि माझ्याकडे बघितलं. रडली असती तर बरं झालं असतं.

"खरं आहे म्हणता आणि बंदही करता. असं कसं जमतं हो तुम्हाला, मॅडम?"

मावशी संपली.

३१ मार्च

तिने अपील केलं! शहाण्यासारखं ऐकलं पोरीने. की माझ्यावरच्या रागाने केलं? कशाने का असेना. तिची मात्र बदली झाली, धुलाई विभागात. शिकलेली नर्स चादरी मोजतेय.

घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, आता मंडळ काय ते बघेल, तू जेव.

१६ एप्रिल

लिहायलाही लाज वाटते. मंडळाकडे अपिलांचा ढीग साचला, म्हणून मंडळाने ती ऐकण्याचा अधिकार कार्यालय प्रमुखांना, म्हणजे साहेबांनाच, दिला. प्रमुखांनी आज तो खाली ढकलला. आदेश — अपिले ऐकून निर्णय देण्याचे सर्व अधिकार उपप्रमुखांना प्रदान.

पहिलंच अपील तिचं. माझ्या निकालावर. माझ्या टेबलावर!

धावत साहेबांकडे गेले. म्हटलं, आपल्याच निकालावरचं अपील आपणच ऐकायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. साहेबांनी मानसुद्धा वर केली नाही. म्हणाले, "वेगळं काय लिहायचंय तुम्हाला? आहे तेच कायम करा. तुमचा त्रासही वाचेल."

निकाल माझा, अपीलही माझं. उद्या तिने देवाकडे गाऱ्हाणं नेलं तर तेही इकडेच पाठवतील!

१८ एप्रिल

आजारपणाची रजा टाकावी म्हणते. दुसऱ्या कुणाच्या तरी हातून होऊ दे.

२३ एप्रिल

रजा टाकली नाही.

२८ एप्रिल

सुनावणी झाली. नर्स दारातच थबकली. "इथेही तुम्हीच?" बस म्हटलं, बसली नाही. म्हणून मीही उभी राहिले. आदेशात "सर्व अधिकार" लिहिलंय, या खेपेला काहीच राखून ठेवायचं साहेबांना सुचलं नाही. लिहिलं — अपील मंजूर, माझा निकाल रद्द, चौकशी आजच उघडावी. सही केली. हे नियमात बसत नाही, ठाऊक आहे मला. घ्या म्हणावं हरकत! पण हरकत घेणाऱ्याला आधी मंडळापुढे सांगावं लागेल, हे अपील माझ्याकडे पाठवलं कोणी.