पायाची ओळ

माधवनगर, सांगली
ता. १ ऑगस्ट १९४४

ती. जोतीरामदादास अंजनाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. उसाला पाणी मिळाले, म्हैस व्याली, शेजारच्या कोंडीबाच्या गोठ्याची भिंत पडली, सगळे कळले. इटलीत लढाईवर असलेल्या आपल्या लालाचे मात्र नाव नाही. मागच्या पत्रातही नव्हते. म्हशीला अर्धे पान आणि सख्ख्या भावाला एक ओळ नाही, हे कसे?

आबांना औषधपाण्याला इकडे आणले तेव्हा डॉक्टर म्हणाले, की हृदय थकले आहे, आणि काळजीने ते जास्तच पळते आहे. धक्क्याची बातमी कानावर घालू नका. ते मीच तुला कळवले. पण आबा पडले पलटणीतले जुने हवालदार. मी पत्र वाचते तेव्हा ते पत्र ऐकत नाहीत, माझे तोंड बघतात. परवा म्हणाले, लालाचं काय गाळलंस गं? मी काहीच गाळले नव्हते, तरी माझाच चेहरा पडला आणि त्यांना धाप लागली.

त्यात आपल्या गावचा सिद्धू इथल्या गिरणीत कामाला आला. तो सांगत होता, पंचमीला कासार दारात बसला, साऱ्या बायकांनी बांगड्या भरल्या, लालाच्या बायकोने, मनूने तेवढा हात पुढे केला नाही. हे आबांनीही ऐकले. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडतात, भाकरीला हात लावत नाहीत. दादा, लाला आहे ना रे?

साळूवहिनींना नमस्कार. माझा लोभ आहेच, खोटे लिहून तो आटवू नकोस.

तुझी अंजना

कण्हेरवाडी, जि. सातारा
ता. ८ ऑगस्ट १९४४

चि. सौ. अंजनास अनेक आशीर्वाद.

लाला जिवंत आहे. एवढे आधी आबांना सांग, मग पुढचे वाच.

काळजीचे लिहू नकोस असे तूच लिहिलेस. माझ्याकडे काळजीवाचून दुसरे काही नव्हते, म्हणून म्हैस लिहिली. सुरुंग फुटून लालाचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. इस्पितळातून त्याने सोबत्याकडून पत्र लिहवून घेतले, खाली सही त्याचीच आहे. घरात वाचताना मी पायाची ओळ गाळली, ताप आला होता म्हणालो.

बांगड्यांचे मलाही कळेना. मी थोरला दीर, मनूशी तोंड उघडून बोलायची आपल्यात रीत नाही. शेवटी साळूला विचारायला लावले. मनू देवीला नवस बोलली आहे, की धनी आपल्या पायांनी चालत उंबरा ओलांडीपर्यंत नवी बांगडी घालणार नाही. नवस सांगितला तर फळत नाही, म्हणून गप्प होती. ऐकले आणि मी गोठ्यात जाऊन बसलो. आपल्या पायांनी म्हणाली गं ती.

आबांना पायाचे कळू देऊ नकोस, त्यांची छाती सोसणार नाही. जपा, आणि माझ्यावरचा राग निवळला की दोन ओळी धाड.

जोतीराम

माधवनगर
ता. १४ ऑगस्ट १९४४

ती. दादास सा. नमस्कार.

लाला बरा आहे, म्हणून सांगितले. आबांनी लगेच विचारले, बरा हाय तर कागदाची घडी का घातलीस? मला खोटे रेटता येईना. शेवटी यांना डॉक्टरांकडे धाडले आणि तुझे पत्र सगळे वाचले. आबा मोठमोठ्याने रडले. मी घाबरून गेले. मग त्यांनी पाणी मागितले, मग भाकरी. डॉक्टर आले तेव्हा ते जेवत होते. नाडी बघून डॉक्टर म्हणाले, औषध सोडू नका, हृदय थकलेलेच आहे, पण आज ते पळत नाही.

आता आबा सांगतात ते जसेच्या तसे लिहिते.

जोत्या, पाय गेला, रडलो, झालं. पोरगं हाय न्हवं? कळत नव्हतं तवा रोज त्याला मनात मारत हुतो मी. मनूला अजून सांगितलं न्हाईस व्हय? माझ्यापायी डागदर आणला, तिला काय काळीज न्हाई? तीबी पदराआडनं तुझं तोंड बघत असंल. रीत ठेव बाजूला, तिच्या म्होरं बस आन् ती ओळ वाच. रडू दे तिला. मग कासाराला बोलव. देवीला माझा निरोप सांग, लाकडाचा असला तरी पाय त्येचाच; उंबरा त्यो मागनं ओलांडंल, बांगड्या आधी भरू दे.

उत्तराची वाट बघते. माया असू दे.

अंजना

कण्हेरवाडी
ता. २० ऑगस्ट १९४४

चि. सौ. अंजनास आशीर्वाद.

आबांचा हुकूम पाळला. मनूसमोर बसून ओळ वाचली. ती रडेल असे वाटले होते. पण तिने पदर मागे सारला आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदा माझ्याशी बोलली. विचारले, दादा, आनिक काय गाळलंय? काही नाही म्हणालो, तर विश्वास बसेना. तिला अक्षर येत नाही. तरी पत्र माझ्या हातातून घेतले, ओळीओळीवर बोट फिरवत पत्राच्या तळाशी आली आणि कोपऱ्यात लालाचे नाव कुठले ते विचारले. मी दाखवले. तिथे बोट ठेवले तेव्हा कुठे तिला रडू फुटले.

देवीला आबांचा निरोप मनूने स्वतः सांगितला. कासार सोमवारी येतो आहे. आबांना सांग, आणि इकडची काळजी सोडून सुखाने राहा.

जोतीराम