कवितांच्या पुस्तकांची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्रेसष्ट, सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागातून निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप नाही. ती उद्या सकाळी बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "दहातले नऊ जण सुखरूप घरी जातात." दहाव्याबद्दल ते काही बोलले नाहीत, म्हणून मी लिहायला बसले. घड्याळ सोडून माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. साडेपाचला थोरली मला रुग्णालयात न्यायला येणार आहे आणि आता सव्वादोन झाले आहेत. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कुठे सापडलेच तर ते माझे समजू नये.

१. दोन खोल्यांचे हे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा यांना निम्मे-निम्मे. धाकट्याचे रंगांचे दुकान आहे आणि या भिंतींचा पोपटी रंग त्याच्या डोळ्यांत खुपतो. माझ्या पश्चात त्याने तो खुशाल बदलावा. बँकेतली शिल्लकही दोघांत सारखी. त्यावरून वाद घातलात तर मला ऐकू येणार नाही, हे ध्यानात ठेवावे.

२. यजमान घड्याळे दुरुस्त करीत. त्यांचे चिमटे, भिंग आणि बारीक पेचकस धाकट्याच्या मुलाला, कायबरंला. "हे काय बरं?" असे विचारल्याशिवाय तो कोणतीही वस्तू खाली ठेवत नाही. उघडलेले घड्याळ परत जोडता आले नाही तर त्याला रागावू नये. यजमानांनाही सगळीच जोडता येत नसत.

३. पुस्तके. कपाटात कवितांची एकशे बेचाळीस पुस्तके आहेत. वाचनालयाचे त्यात एकही नाही. हवे तर शिक्के तपासावेत. या कपाटाबद्दल थोरलीचे काय मत आहे ते घरात सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ही वाटणी बारकाईने लिहिते.

(अ) बटण, धाकट्याची मुलगी, वय तीन. तिला खालचा कप्पा. जाड पुठ्ठ्याच्या पानांची पुस्तके आहेत, चावली तरी चालतील. या वयात अर्थ लागला नाही तरी ताल लागतो. पानावर चारपेक्षा जास्त ओळी असल्या की मूल मांडीवरून उतरून जाते. सूनबाईंना विनंती, तिने एकच पुस्तक सलग वीस दिवस मागितले तर वीस दिवस वाचावे. कंटाळा आपल्याला येतो, तिला नाही.

(आ) कायबरं, वय आठ. त्याला मधला कप्पा: कोडी, उलटसुलट गमतीच्या कविता, आणि गोष्ट सांगणाऱ्या लांब कविता. शेवटच्या दोन ओळींत शहाणपण पाजणारी पुस्तके मी वेगळ्या खोक्यात घातली आहेत, ती त्याला देऊ नयेत. आठ वर्षांच्या मुलाला उपदेशाचा वास लांबून येतो. आणि पाहुण्यांसमोर त्याला कविता म्हणायला लावू नये. मी एकदा लावले होते, तेव्हा तो टेबलाखाली जाऊन बसला आणि जेवायलासुद्धा बाहेर आला नाही. चूक माझी होती.

(इ) ठिणगी, थोरलीची मुलगी, वय सोळा. इथे मला सविस्तर लिहावे लागेल.

जावई बंदरात उंच क्रेन चालवीत. सहा वर्षांपूर्वी कामावरून घरी येताना मालमोटारीने त्यांना उडवले. ठिणगी तेव्हा दहाची होती. थोरली परिचारिका आहे, मोडून पडणे तिला ठाऊक नाही. तिने सर्वांना बजावले, "माझ्या पोरीसमोर कुणी रडायचं नाही. त्याचा विषय काढायचा नाही." आम्ही मुकाट्याने ऐकले. तीन आठवड्यांनी ठिणगी शाळेतून थेट माझ्या काउंटरवर आली आणि म्हणाली, "आजी, माणूस परत येत नाही, अशी कविता असते का?"

बालविभागात तशी नव्हती. मी वरच्या मजल्यावर मोठ्यांच्या विभागात गेले आणि एक करडे, बारीक पुस्तक माझ्या नावावर काढले. त्यात दारामागे अडकवून राहिलेल्या कोटावर एक कविता होती. थोरलीला न विचारता मी ते ठिणगीला दिले आणि काउंटरवर परत गेले.

चौथ्या दिवशी अकराला थोरलीचा फोन आला. "ती तुझ्याकडे आहे का? शाळेत पोचलीच नाही." आम्ही शाळेची गल्ली पाहिली, बसथांबे पाहिले, तिच्या मैत्रिणींची घरे पाहिली. पुस्तक घरात नव्हते. पाऊण वाजता बंदरातल्या मुकादमांचा फोन आला, "ताई, तुमची मुलगी क्रेनवर आहे. चढताना कुणी बघितलं नाही."

दीडशे पायऱ्यांची उभी लोखंडी शिडी. वरची केबिन कुलूपबंद होती. ठिणगी दारापर्यंत पोचली, परत फिरली आणि दोन पायऱ्या उतरल्यावर तिने खाली पाहिले. तिथेच ती थिजली. वारा सुटला होता. आम्ही पोचलो तेव्हा मुकादमांनी बोट वर केले. "कुणी हाक मारायची नाही. दचकली तर संपलं." आणि ते चढू लागले. थोरलीने माझे मनगट धरले होते. तिच्या बोटांचे वळ चार दिवस राहिले. मुकादम तिच्या खाली पोचले, दोन्ही बाजूंनी हात घालून उभे राहिले, आणि मग वीस मिनिटे काहीच हलले नाही.

पुढचे त्यांनी मला नंतर सांगितले. "पोरीची बोटं सुटेनात. मी म्हटलं, काहीतरी म्हण, कसलंही, म्हणजे पायाला ताल लागेल." तिने म्हटले ते करड्या पुस्तकातले नव्हते. ती दोन वर्षांची असताना आम्ही तिला जे रोज वाचून दाखवायचो ते होते:

बुटकं बदक, डुलत डुलत,
चिखलात चाललं पाय उचलत.

एका ओळीला एक पायरी. पार खालपर्यंत ती तेच म्हणत उतरली आणि मुकादमही तिच्याबरोबर म्हणत उतरले.

थोरलीने तिला तपासले, मनगटे, गुडघे, डोळे. मग माझ्याकडे वळली. "तुझ्या पुस्तकानं तिला वर नेलं, आई. माझ्या घरात यापुढं तुझं एक पानही नको." तिने वाचनालयात लेखी तक्रार केली. समितीने पुस्तकनिवड माझ्याकडून काढून घेतली आणि शेवटचे दीड वर्ष मी पुस्तकांवर वयाच्या रंगीत चिकट्या लावत बसले. पाच वर्षांना लाल, आठांना पिवळी, बारांना हिरवी. (उरलेल्या चिकट्यांचा गठ्ठा समितीच्या चिटणीसबाईंना पोचवावा. त्यांनी त्यातली एक आपल्या कपाळाला लावून कुठल्या शेल्फवर बसायचे ते ठरवावे.) मी तक्रारीला उत्तर दिले नाही. थोरलीचे खरे असेल, असे मला वाटत होते. सहा वर्षे ठिणगी आईबरोबर या घरी येते आणि कपाटाकडे पाठ करून बसते.

म्हणून: वरचा कप्पा ठिणगीला. त्याला हात लावण्याचा अधिकार थोरलीला नाही. ठिणगी अठराची होईपर्यंत किल्ली मुकादमांच्या ताब्यात राहील.

यापुढचा मजकूर त्याच दिवशी पावणेपाचला लिहायला घेतला आहे. चार वाजता साक्षीदार आले, तळमजल्यावरचे शिंपी आणि मुकादम. त्यांच्या पाठोपाठ थोरलीही आली, दीड तास आधी, कामाच्या गणवेशातच. टेबलावरचे कागद तिने उचलले आणि उभ्या उभ्या वाचले.

"किल्ली मुकादमांकडे," ती म्हणाली.

"हो."

"माझ्या मुलीच्या पुस्तकांची."

"तू ती फाडशील म्हणून."

"ते करडं पुस्तक मी फाडलं नाही. भरपाई वाचनालयात भरली आणि ते माझ्याकडेच ठेवलं." ती खुर्चीवर बसली. बराच वेळ कागदाची घडी घालत आणि उलगडत राहिली. "आदल्या संध्याकाळी ती मला म्हणाली होती, बाबा बसायचा ती जागा मला एकदा दाखव. मी म्हटलं, तो विषय बंद. पुस्तक नसतं तरी ती गेली असती, आई. शिडीखाली उभी होते तेव्हाच मला ते कळलं होतं."

"मग सहा वर्षं?"

"कुणाच्या तरी माथी मारायलाच हवं होतं. तू जवळ होतीस."

मृत्युपत्रात खोटे लिहू नये. मला तिची दया आली नाही. राग आला, आणि छातीत दुखू लागेल इतका आला. मी म्हटले, "माझ्या नोकरीचं शेवटचं दीड वर्ष तू घेतलंस."

"घेतलं," ती म्हणाली. सबबी सांगितल्या नाहीत.

शिंपी उठून जाऊ लागले. मुकादमांनी त्यांची बाही धरली, "बसा हो, सह्या राहिल्यात."

राग ओसरला नाही, पण तो बाजूला सारल्यावर माझे मला दिसले. मी पुस्तक दिले आणि काउंटरवर परत गेले. तीस वर्षे मुलांना कविता निवडून देणाऱ्या बाईला वाटले, एवढ्याने भागेल. दहा वर्षांच्या मुलीच्या हातात तसली कविता ठेवली तर शेजारी बसायचे असते. मी बसले नाही आणि हिने विषय बंद केला. मधल्या मोकळ्या जागेतून पोर एकटीच शिडीकडे गेली.

हे मी मोठ्याने म्हटले. थोरलीने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग विचारले, "आता सोळाव्या वर्षी तिला काय द्यायचं? तूच काढून ठेव. मला त्यातलं कळत नाही."

"सोळाव्या वर्षी आपण निवडायचं नसतं. कपाट उघडं ठेवायचं."

"आणि तिनं पुन्हा तसलंच काही काढलं तर?"

"घरात थांब. काय वाचतेस म्हणून खोदून विचारू नकोस. ती बोलली तर विषय बंद करू नकोस."

सबब, कलम ३ (इ) मधील शेवटची तीन वाक्ये मी खोडली आहेत. खोडलेल्या जागी माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे. त्याऐवजी असे वाचावे: वरचा कप्पा ठिणगीला. संपूर्ण कपाटाची व्यवस्था थोरली पाहील. बटण आणि कायबरं मोठे होत जातील तसा त्यांना वरचा कप्पा खुला व्हावा, खालचा मात्र कोणासाठीही, कोणत्याही वयात बंद होऊ नये.

पाच वाजता थोरलीने ठिणगीला फोन केला. "आजीकडे ये. कपाट उघडं आहे." पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. थोरली फोन कानाशी धरून ऐकत राहिली, एकदाही न तोडता. जिन्यावर अजून पावले वाजलेली नाहीत आणि साडेपाचला बोलावलेली गाडी यायला दहा मिनिटे आहेत. वाट पाहत लिहीत राहिले तर मजकूर संपणार नाही, म्हणून इथे थांबते.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, तो माझा आहे, आणि साक्षीदारांच्या देखत मी सही केली व माझ्या देखत त्यांनी.

सही: लिहून देणारी
साक्षीदार १: तळमजल्यावरचे शिंपी
साक्षीदार २: बंदरातले क्रेनचे मुकादम

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर. दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटे.

थोरली वारस असल्याने तिची साक्ष चालत नाही. तरी तिने आग्रहाने खाली लिहिले आहे: वाचले. मान्य आहे. तक्रार मागे घेत असल्याचे पत्र उद्या देते, मग तू शुद्धीवर आलीस की ते तुला वाचून दाखवते.